कुत्र्याची फुफ्फुसं धुऊन नमुना घ्यायचा असेल, तर आधी श्वासाचा साठा मोजा

कुत्रा दोन महिन्यांहून जास्त काळ खोकतोय. एक्स-रेमध्ये धूसर पट्टे दिसतायत, प्रतिजैविकांचे कोर्स होऊन गेले तरी फरक नाही. अशा वेळी पशुवैद्य सुचवतात, "फुफ्फुस धुऊन नमुना घेऊन बघू." पालकांचा पहिला प्रश्न बहुतेकदा भुलीबद्दल असतो, "उठेल ना तो नीट?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. नमुना घेतल्यावर पुढचे काही तास फुफ्फुसं नेहमीपेक्षा कमी काम करणार आहेत. ती घट सोसण्याइतका साठा या कुत्र्याकडे आहे का?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तो मुख्यतः पालकांसाठी लिहिला आहे. मात्र यातले आकडे आणि क्रम नुकती प्रॅक्टिस सुरू केलेल्या पशुवैद्यांनाही हाताशी ठेवता येतील.

नमुना कुठून घेणार, त्यावर ताण ठरतो

"श्वासमार्गाचा नमुना" या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा फुफ्फुसांवरचा भार वेगळा असतो.

मध्यम किंवा मोठ्या कुत्र्यात मानेवरची थोडी जागा बधिर करून, सुईतून बारीक नळी श्वासनलिकेत सरकवतात. काही मिलिलिटर निर्जंतुक सलाइन सोडायचं, कुत्रा खोकला की लगेच ओढून घ्यायचं. हा ट्रेकियल वॉश. पूर्ण भूल लागत नाही, पाणी थोडं असतं आणि खोकला शाबूत असल्याने बरंचसं बाहेर येतं. फुफ्फुसांच्या कामावर याचा परिणाम किरकोळ असतो. लहान कुत्र्यात हेच काम थोड्या वेळाची भूल देऊन, घशातून घातलेल्या नळीतून करतात.

ब्रॉन्कोअल्व्हिओलर लॅव्हाज, म्हणजे डॉक्टर ज्याला बीएएल म्हणतात, तो थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, जातो. श्वासमार्गात घातलेल्या बारीक दुर्बिणीचं (स्कोपचं) टोक श्वासनळीच्या एका शाखेत घट्ट बसवून सलाइन सोडतात आणि ओढून घेतात. खोल फुफ्फुसाचा आजार ओळखायला याची बरोबरी ट्रेकियल वॉश करू शकत नाही, पण फुफ्फुसांना याची किंमतही जास्त मोजावी लागते. पुढचा बहुतेक मजकूर याच पद्धतीबद्दल आहे. छातीतून सुई घालून फुफ्फुसाच्या गाठीचा नमुना घेणं हा प्रकार निराळा. तिथे मुख्य धोका हवा छातीच्या पोकळीत गळण्याचा असतो.

फुफ्फुसांचं काम नेमकं कशामुळे घटतं

कारणं चार आहेत आणि ती एकावर एक चढतात, म्हणून वेगवेगळी समजून घेतलेली बरी.

पहिलं कारण भूल. भुलेत छातीचे स्नायू सैल होतात, श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत उरणारी हवा कमी होते आणि खालच्या बाजूचे वायुकोश मिटू लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला की हे मिटणं वाढतं, कारण कोश उघडा ठेवणारा नायट्रोजन तिथे उरत नाही आणि ऑक्सिजन रक्तात शोषला जातो. तरीही ऑक्सिजन द्यावाच लागतो. मिटलेले कोश नंतर उघडायचे असतात, त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरं कारण दुर्बीण. भुलेत श्वासासाठी घशातून घातलेल्या ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ५ मिलिमीटरचा स्कोप घातला की नळीचं सुमारे ४० टक्के क्षेत्रफळ त्याने व्यापलं जातं. उरलेल्या फटीतून कुत्र्याने श्वास घ्यायचा आणि सोडायचा. सोडणं जास्त अवघड असतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यातच सलाइन परत ओढायला सक्शन लावलं की पाण्यासोबत हवाही ओढली जाते.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण मागे राहिलेलं पाणी. सोडलेल्या सलाइनपैकी साधारण निम्मं परत येतं, कधी जास्त, कधी कमी. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरमध्ये दोन ठिकाणी प्रत्येकी ५० मिलि सोडलं आणि निम्मं परत मिळालं, तर ५० मिलि आत राहिलं. त्या भागात रक्त येतं पण हवा पोचत नाही, म्हणून ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. वायुकोशांना उघडं ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा थरही थोडा धुऊन निघतो, त्यामुळे तो भाग ताठर होतो आणि फुगायला जास्त जोर लागतो. ज्यांच्या श्वासनळ्या मऊ पडल्या आहेत, त्यांच्यात ओढताना नळीच मिटते. परत येणारं पाणी कमी भरतं, मागे राहणारं वाढतं.

चौथं कारण श्वासनळ्यांचं आवळणं. थंड सलाइन, स्कोपचा स्पर्श, आधीपासूनची सूज यांनी नळ्यांचे स्नायू आकसतात. मांजरात हे फार होतं. कुत्र्यात तुलनेने कमी, पण ॲलर्जीचा खोकला असलेल्या कुत्र्यात गृहीत धरून चालावं.

कुत्र्याची रचना इथे त्याच्या मदतीला येते. त्याच्या फुफ्फुसात शेजारच्या भागांमधून आडवी हवा खेळते. गाय-बैल आणि डुकरांत हे भाग पडद्यांनी एकमेकांपासून वेगळे असतात, म्हणून एक नळी बंद झाली की तिच्यामागचा भाग लवकर मिटतो. कुत्र्यात शेजारचा भाग थोडीफार हवा पुरवत राहतो. निरोगी कुत्र्याचा ऑक्सिजन लॅव्हाजनंतर घसरतो आणि साध्या ऑक्सिजनच्या आधाराने बहुधा लवकर सावरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र हा आधार निरोगी शेजाऱ्यांवर टिकून असतो. सगळीच फुफ्फुसं आजारी असतील तर आधाराला कोणी उरत नाही.

पायरी १: नमुना खरंच हवा आहे का

नुकताच लागलेला, कुत्र्यांच्या वसतिगृहातून किंवा प्रदर्शनातून आणलेला खोकला बहुधा आपोआप बरा होतो. त्यासाठी फुफ्फुस धुवायची गरज नाही. वयस्कर पॉमेरेनियन किंवा स्पिट्झ खोकत असेल तर आधी हृदय तपासा. झडपेचा आजार या लहान जातींत सर्रास आढळतो आणि फुफ्फुसांत हृदयामुळे पाणी साठलेलं असताना आणखी पाणी सोडणं धोक्याचं आहे. जंतांसाठी शौचाची तपासणी, रक्ताची तपासणी आणि तीन बाजूंनी छातीचे एक्स-रे आधी झालेले असावेत.

एक्स-रे आधीच काढायला आणखी एक कारण आहे. लॅव्हाजनंतर मागे राहिलेलं पाणी एक्स-रेमध्ये न्यूमोनियासारखं दिसतं. आधीचा फोटो नसेल तर डाग आजाराचा की धुण्याचा हे सांगता येत नाही.

पायरी २: साठा मोजा

माणसाला यंत्रात जोरात फुंकर मारायला सांगतात. कुत्र्याला ते सांगता येत नाही. मास्क लावून शांत श्वासाचा आलेख काढणं किंवा बंद काचपेटीत बसवून दाबातले बदल मोजणं या पद्धती संशोधनात वापरतात, पण नेहमीच्या दवाखान्यात त्या सहसा नसतात. हाताशी असलेल्या साधनांवर भागवावं लागतं, आणि नीट वापरली तर ती पुरतात.

घरी करता येण्यासारखं पहिलं माप म्हणजे झोपेतला श्वास. कुत्रा गाढ झोपेत, थंड जागी असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक मोजायचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. निरोगी कुत्र्यात हा आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो. नमुना घेण्याआधीचे चार-पाच दिवस रोज लिहून ठेवा. नंतरच्या आकड्याला अर्थ येतो तो या नोंदींमुळे. जागेपणी धापा टाकत असताना मोजू नका. मुंबई-कोकणाच्या दमट उकाड्यात तो आकडा काहीच सांगत नाही.

दुसरं, सहा मिनिटांची चाल. सपाट जागी, सकाळच्या गारव्यात, गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावून कुत्र्याला त्याच्या चालीने चालू द्या आणि अंतर मोजा. निरोगी कुत्रा साधारण ५०० मीटर सहज चालतो. मध्येच बसला, हिरड्या निळसर झाल्या, तर तिथेच थांबवा. ही चाचणी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करायची. बसल्याजागी दम लागणाऱ्या कुत्र्याला चालवायचं नाही.

तिसरं, दवाखान्यातला ऑक्सिमीटर. साध्या हवेवर ९५ टक्के किंवा जास्त असेल तर ठीक. ९३ च्या खाली असेल तर थांबून विचार. ९० च्या खाली असेल तर आधी ऑक्सिजन, बाकी सगळं नंतर. काळ्या ओठांवर आणि दाट केसांवर हे यंत्र चुकीचं वाचतं. कानाची किंवा ओठाची गुलाबी कातडी शोधावी. भुलेत जीभ सर्वांत चांगली.

चौथं आणि सर्वांत भरवशाचं माप म्हणजे मागच्या पायाच्या किंवा मांडीच्या धमनीतून रक्त घेऊन केलेली रक्तवायू चाचणी. समुद्रसपाटीला, साध्या हवेवर, निरोगी कुत्र्यात ऑक्सिजनचा दाब ९० ते १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून त्याच कुत्र्याचा आकडा मुंबईपेक्षा साधारण १० ने कमी येईल. हा हिशोब लक्षात नसेल तर निरोगी कुत्राही आजारी वाटतो.

ऑक्सिजन दिल्यावर आकडा किती वाढतो, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साध्या हवेवर कमी पण ऑक्सिजनवर झटकन वाढणारा आकडा म्हणजे सावरायला जागा आहे. ऑक्सिजन देऊनही जो हलत नाही, त्याच्या फुफ्फुसात रक्त आधीच मोठ्या प्रमाणावर हवेविना फिरतंय. अशा कुत्र्यात लॅव्हाज करू नये. डॉक्टरांनी तसं सांगून आधी उपचार सुरू केले, तर त्यांना टाळाटाळ समजू नका. तो योग्य निर्णय आहे.

पायरी ३: आदल्या आठवड्यात

आपल्याकडे गोचीड-ताप इतका आहे, आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी इतक्या घटतात, की त्या मोजल्याशिवाय मानेत सुई घालणं किंवा स्कोपमधून बारीक ब्रशने नळीचं अस्तर खरवडून नमुना घेणं मला पटत नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर आधी तो आजार बरा करावा.

चालू औषधांची यादी द्या, स्वतःहून काही बंद करू नका. प्रतिजैविकं चालू असतील तर जंतूंची वाढ दिसत नाही, म्हणून शक्य असेल तिथे डॉक्टर ती आठवडाभर थांबवतात. स्टेरॉइड पेशींचं चित्र बदलतं, त्यामुळे महिनाभरात कधी इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा. प्रौढ कुत्र्याला आदल्या रात्रीनंतर खायला द्यायचं नाही. पाणी कधीपर्यंत, हे विचारून घ्या. पिल्लू किंवा मधुमेही असेल तर उपाशी ठेवण्याचे नियम वेगळे.

दवाखान्याला तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा. ऑक्सिजनचा पिंजरा किंवा नाकातून ऑक्सिजन देण्याची सोय आहे का? शुद्धीवर येताना जवळ कोण बसणार? संध्याकाळी आकडा सुधारला नाही तर रात्री ठेवायची व्यवस्था आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर नमुना सकाळी लवकर घ्यायला सांगा, म्हणजे सावरायला अख्खा दिवस मिळेल.

पायरी ४: प्रत्यक्ष नमुना

हा भाग डॉक्टरांच्या हातात आहे, पण क्रम माहीत असला की काय चाललंय ते कळतं.

भूल देण्याआधी पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन. नळ्या आवळण्याची शक्यता असेल तर आधी त्या सैल करणारं टर्ब्युटालीनचं इंजेक्शन. भुलीचं औषध प्रोपोफॉल हळूहळू, कारण घाईने दिलं तर श्वास थांबतो. मोठ्या कुत्र्यात नळीला जोडणी लावून तिच्यातूनच स्कोप घालतात, म्हणजे ऑक्सिजन चालू राहतो. लहान कुत्र्यात नळीतून स्कोप मावत नाही. नळी काढून स्कोपशेजारी बारीक नळीने ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि तिथे वेळ फार महत्त्वाचा.

आधी सगळ्या शाखा पाहून घ्यायच्या, मग धुवायचं. उलट केलं तर पाण्यामुळे नीट दिसत नाही. सलाइन शरीराच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ३७ अंशांवर गरम केलेलं असावं. एका जागी एकूण १ ते २ मिलि प्रति किलो, दोन हिस्स्यांत, आणि मोठ्या कुत्र्यातही एका वेळी २५ मिलिच्या आसपास. सगळ्या कुत्र्यांना एकच ठरावीक मात्रा देणं मला योग्य वाटत नाही. ५ किलोच्या कुत्र्याला ५० मिलि म्हणजे किलोमागे १० मिलि झाले! सोडल्यावर लगेच, हलक्या हाताने ओढायचं. परत आलेल्या पाण्यावर फेस दिसला तर ते वायुकोशांतून आलंय असं समजावं. तो फेस सर्फॅक्टंटचा असतो.

आजार एका बाजूला स्पष्ट दिसत असेल तर तिथूनच घ्यावं. पसरलेला असेल तर दोन जागा पुरतात. एका बैठकीत त्याहून जास्त जागा धुतल्या की माहिती थोडी वाढते, तूट मात्र बरीच वाढते. ऑक्सिमीटर ९० च्या खाली गेला की स्कोप बाहेर काढायचा, ऑक्सिजन द्यायचा, आकडा वर आल्यावरच पुढे जायचं.

इथे एक सापळा आहे. शुद्ध ऑक्सिजनवर निरोगी फुफ्फुसाचा रक्तातला दाब ४५० ते ५०० पर्यंत जातो. तो घसरून १२० वर आला तरी ऑक्सिमीटर ९८-९९ च दाखवत राहतो. म्हणजे फुफ्फुसाची क्षमता मोठ्या प्रमाणात कमी झालेली असते आणि पडद्यावर सगळं छान दिसतं. नळी काढून कुत्रा साध्या हवेवर आला की आकडा एकदम पडतो. म्हणून ऑक्सिजनवरचा ९९ पाहून कोणीही निर्धास्त होऊ नये.

पायरी ५: पहिला तास

धुणं संपल्यावर स्कोप काढून, नळी पुन्हा जोडून, मिटलेले कोश उघडण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने काही लांब श्वास देतात. छातीत हवा गळल्याची शंका असेल तर हे करायचं नाही. त्यानंतर किमान १०-१५ मिनिटं ऑक्सिजन. कुत्र्याला पोटावर, पुढचे पाय समोर, मान सरळ अशा स्थितीत ठेवावं. या स्थितीत दोन्ही फुफ्फुसं मोकळी फुगतात.

मग ऑक्सिजन थांबवून साध्या हवेवर दर पाच मिनिटांनी मोजणी. आकडा ९३ च्या वर टिकून राहिला तर हळूहळू मोकळं करायचं. नाही टिकला तर पिंजऱ्यात किंवा नाकातून ऑक्सिजन. शिट्टीसारखा आवाज आणि पोटाचा जोर लावून श्वास सोडणं दिसलं तर नळ्या आवळल्यात. त्यावर सॅल्ब्युटामॉलची वाफ किंवा इंजेक्शन लागतं.

पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्याबाबतीत एक आग्रह धरा. नळी शक्य तितकी उशिरा काढावी, कुत्रा डोकं उचलून नीट गिळू लागल्यावर. या जातींचा मऊ टाळू लांब आणि नाकपुड्या अरुंद असतात. धुतलेल्या फुफ्फुसांच्या तुटीवर वरचा अडथळाही आला तर ते झपाट्याने ढासळतात.

पायरी ६: घरी, पहिले दोन दिवस

मागे राहिलेलं पाणी हळूहळू रक्तात आणि लसिकावाहिन्यांत शोषलं जातं. दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोपने त्या जागी बारीक चुरचुर ऐकू येऊ शकते. कुत्रा आरामात असेल तर ती काळजीची गोष्ट नाही. थोडा जास्त खोकला, ब्रश वापरला असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी गुलाबी झाक असलेली थुंकी, हेही चालतं.

पूर्ण शुद्ध येईपर्यंत खायला देऊ नका, मग थोडं थोडं द्या. जिने, उड्या, दुपारचा फेरफटका बंद. गळ्यात पट्टा नको. घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल लावू नका, आणि दिवाळीच्या आसपास नमुना घ्यायचा असेल तर शक्यतो तारीख पुढे ढकला. त्या धुरात बरी फुफ्फुसंही त्रासतात.

झोपेतला श्वास पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी मोजून आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- झोपेतला श्वास ४० च्या वर, किंवा प्रत्येक मोजणीला चढत जाणारा
- जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी
- कोपर बाहेर काढून, मान ताणून बसणं, आडवं व्हायला नकार
- मान किंवा खांद्याजवळ सूज, दाबल्यावर चुरमुऱ्याच्या पिशवीवर बोट ठेवल्यासारखी कुरकुर (मानेतून नळी घातली असेल तर हवा कातडीखाली गळतेय)
- दुसऱ्या दिवशी १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, खाणं सोडणं
- ताजं रक्त खोकून पडणं

अहवाल आणि पुढची मोजणी

निरोगी कुत्र्याच्या लॅव्हाजमध्ये मॅक्रोफेज, म्हणजे फुफ्फुसातली घाण गिळणाऱ्या पेशी, सर्वांत जास्त असतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि त्यांच्या पोटात जंतू दिसले तर तो संसर्ग. इओसिनोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले तर ॲलर्जी किंवा जंत, आणि तिथे उपचाराची दिशाच बदलते. महिनोन्‌महिने प्रतिजैविकं खाणाऱ्या कुत्र्याला कधी कधी खरं तर स्टेरॉइडची गरज होती हे अशा एका नमुन्यातून कळतं. म्हणूनच योग्य कुत्र्यात ही तात्पुरती तूट पत्करण्यासारखी असते. नमुना थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हवा. पेशी लवकर खराब होतात, आणि खराब नमुन्यासाठी कुत्र्याला पुन्हा भूल देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

नमुना वाया गेलाच तरी दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी धुऊ नये. धुण्यानेच तिथे थोडी सूज येते, न्यूट्रोफिल जमतात आणि नवा अहवाल दिशाभूल करतो. उपचारांनी फुफ्फुसं सुधारली का, हे तपासायची मोजणीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करू नका. त्या दिवशी आजाराची घट आणि धुण्याची घट एकत्रच मोजली जाते. दोन आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच जागी, साध्या हवेवर ऑक्सिमीटर आणि सहा मिनिटांची चाल पुन्हा घ्या, आणि ते आकडे नमुन्याआधीच्या वहीतल्या आकड्यांशेजारी लिहून डॉक्टरांकडे न्या.